रजिस्ट्रीच्या दुसऱ्या दिवशी खात्यात किती उरेल?

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे, अमरावतीत भाड्याने राहून नागपूर रस्त्यावर प्लॉट बघणारे, सोयाबीनच्या पैशातून गावातले जुने घर पाडून नवे बांधू पाहणारे, असे अनेक वाचक शब्द बदलून एकच प्रश्न विचारतात : बँकेने वीस लाख मंजूर केले आहेत, मग घर घ्यायला हरकत काय? हा प्रश्न ज्या गोंधळातून येतो तो आधी दूर केला पाहिजे. बँक तुमच्या पगाराच्या पावत्या पाहते, सिबिल पाहते, मालमत्तेचे कागद वकिलाकडून तपासून घेते आणि आपले पैसे परत येतील की नाही एवढे ठरवते. तिच्याकडे तुमचेच घर तारण असते. तिसऱ्या वर्षी तुमचा हात आखडला आणि घर लिलावात गेले, तरी बँकेचे उत्तर चुकले असे होत नाही, कारण तिचे पैसे वसूल झालेले असतात. तुमचा प्रश्न वेगळा आहे. पगार थांबला, व्याजदर चढला किंवा भिंतीला भेग गेली, तरी या घरात आपले कुटुंब टिकेल का, हे तुम्हाला पाहायचे आहे. मंजुरीपत्रात याचे उत्तर नसते.

पगार वेळेवर झाला, घरात कोणी आजारी नाही, शाळेची फी भरून झाली आहे, अशा चांगल्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक हप्ता परवडण्यासारखा दिसतो. म्हणून चाचणी वाईट महिन्याची घ्यायची. वाईट महिन्यात कुटुंब किती काळ तग धरील, हे बहुतेक वेळा एकाच आकड्यावर ठरते : रजिस्ट्री झाली, स्वतःचा वाटा भरला, मुद्रांक शुल्क गेले, सामान हलवले, त्यानंतर खात्यात किती उरले? पुढचे सगळे हिशेब या आकड्यासाठी आहेत. कागद-पेन घेऊन बसा आणि उदाहरणातल्या रकमांच्या जागी स्वतःच्या घालत चला.

आधी घराची खरी किंमत मांडा

समजा, घर २५ लाखांचे आहे. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते, अशी रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे. पण ही मर्यादा आहे, तेवढे मिळेलच असे नाही, आणि मिळाले तरी तेवढे घ्यावेच असेही नाही. आपण २० लाखांचे कर्ज धरू. "पाच लाख जमले की झाले" या समजुतीत अनेक कुटुंबे फसतात, कारण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे कर्जात बसत नाही. तो खिशातूनच जातो. हाताशी लागणारी रक्कम अशी वाढते :

- स्वतःचा वाटा : ५ लाख
- मुद्रांक शुल्क, सहा टक्के धरून : दीड लाख
- नोंदणी शुल्क, एक टक्का (कमाल ३० हजार) : २५ हजार
- बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन : सुमारे २५ हजार
- वीजमीटर, ग्रील, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, सामान हलवणे : किमान १ लाख

बेरीज आठ लाख होते. महापालिका हद्द आणि ग्रामपंचायत हद्द यांचे मुद्रांक शुल्काचे दर वेगळे आहेत. नांदगाव पेठसारख्या शहराला लागून असलेल्या ठिकाणी नेमका कोणता दर लागतो, हे दलालाच्या तोंडून न ऐकता दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतले तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. २५ लाखांवर हे २५ हजार होतात, म्हणजे दीड महिन्याचा हप्ता. बांधकाम सुरू असलेली सदनिका बिल्डरकडून घेत असाल तर जीएसटी वेगळा लागतो : साधारण पाच टक्के, आणि अमरावतीसारख्या शहरात ४५ लाखांच्या आतील व ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राच्या घराला एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घराला तो लागत नाही.

मग हप्त्याची तालीम करा

वीस लाखांवर आठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता १६,७२९ रुपये येतो. घराचा मासिक खर्च मात्र एवढ्यावर थांबत नाही. बांधकामाची किंमत पंधरा लाख धरली तर देखभालीसाठी वर्षाला तिचा एक टक्का, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये बाजूला पडले पाहिजेत. भाडेकरू असताना गळणारी गच्ची घरमालकाची डोकेदुखी असते, आता ती तुमची. घरपट्टी आणि घराचा विमा मिळून पाचशे धरा. एकूण साडेअठरा हजार झाले. आज तुम्ही सहा हजार भाडे देत असाल तर फरक साडेबारा हजारांचा आहे.

हे साडेबारा हजार आजपासून दर महिन्याला पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका, आणि हप्ता सुरू झाला आहे असे समजून उरलेल्यात घर चालवा. किमान सहा महिने असे करा. ते सहा महिने सोयीचे निवडू नका. जूनमध्ये सुरुवात केली तर शाळेची फी, पेरणी, पावसाळ्यातले दवाखाने आणि पुढे दिवाळीपर्यंतचा सगळा खर्च तालमीत येतो. मार्चमध्ये सुरू करून मेमध्ये "जमतंय की" म्हणणे ही चाचणी नव्हे. या काळात एकदाही त्या खात्याला हात लावावा लागला, भिशी लवकर उचलावी लागली किंवा हातउसने घ्यावे लागले, तर त्या महिन्यात तुमचा हप्ता चुकला असता, असे वहीत लिहून ठेवा. तालीम जमली तर सहा महिन्यांत ७५ हजार रुपये हाताशी येतात, ते वेगळेच.

तालमीत ओव्हरटाइम आणि बोनस धरू नका. कर्ज मोठे व्हावे म्हणून ओव्हरटाइमसह पगार दाखवण्याचा मोह होतो आणि दलालही तसे सुचवतात. पण मागणी कमी झाली की गिरणीत पहिल्यांदा ओव्हरटाइमच बंद होतो. बोनस आला तर तो मुद्दलात भरण्यासाठी ठेवा. मासिक हप्ता त्याच्या भरवशावर उभा राहू नये.

पहिला आघात : उत्पन्न थांबले तर

उदाहरणातल्या घरात दोघांचे मिळून ४५ हजार येतात असे धरा : एकाचे २९, दुसऱ्याचे १६. मोठा पगार थांबला तर १६ हजार उरतात आणि हप्ता त्याहून जास्त आहे. किराणा, गॅस, वीज, शाळा, औषधे यांचा काटकसरीचा खर्च १७ हजार धरला तर घरपट्टी-विम्यासह महिन्याला ३४,२०० लागतील. तूट १८,२०० रुपयांची. सहा महिन्यांत ती १ लाख ९ हजारांवर जाते.

सहाच महिने का, असे तुम्ही विचाराल. याचे कारण कायद्याच्या घड्याळात आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते आणि ती मुदत संपली की ताबा घेण्याच्या मार्गाला लागते. पहिला हप्ता चुकल्यापासून सुमारे पाच महिन्यांत घर धोक्यात येते. सहा महिन्यांची गंगाजळी असेल तर नवे काम शोधताना हे घड्याळ सुरूच होत नाही.

वसाहत वाढते आहे, काम मिळतच राहील, असा विश्वास इथे मोठा आहे आणि त्याला आधारही आहे. देशात सात ठिकाणी मंजूर झालेल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानांपैकी महाराष्ट्रातले उद्यान अमरावतीला मिळाले. सुमारे एक हजार एकरांच्या या प्रकल्पाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातील कार्यक्रमात झाली. पण उद्योगाचे येणे आणि तुमचा पगार दर महिन्याला चालू राहणे यांत अंतर आहे. याच नांदगाव पेठेत २७० मेगावॅटचे पाच संच असलेला १,३५० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प उभा राहिला. तो चालवणाऱ्या रतनइंडिया पॉवरवर कर्जाचा भार इतका झाला की जानेवारी २०२० मध्ये सुमारे ६,५७४ कोटींचे कर्ज ४,०५० कोटी रुपये देऊन एकरकमी तडजोडीत मिटवले गेले. खर्च ठरलेला आणि उत्पन्न अनिश्चित असले की कारखान्याचे जे होते तेच घराचे होते. फरक इतकाच की एवढ्या मोठ्या तडजोडीसाठी कर्ज देणाऱ्यांचा समूह टेबलाभोवती बसतो. सोळा हजारांचा हप्ता भरणार असलेल्या कुटुंबाने अशा तडजोडीच्या आशेवर घर घेऊ नये.

ठेकेदाराकडे हजेरीवर काम असेल तर सहाऐवजी नऊ महिने धरा. शेतीवर घर चालत असेल तर हिशेब महिन्याचा न करता वर्षाचा करावा लागेल, कारण सोयाबीन आणि कापसाचा पैसा दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत येतो आणि हप्ता मात्र बाराही महिने जातो. शिवाय भावाचा भरवसा नसतो. २०२१च्या पावसाळ्यात क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलेले सोयाबीन २०२४च्या हंगामात अनेक बाजारांत ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले. म्हणून शेतकरी कुटुंबाने चाचणी निम्म्या भावावर घ्यावी, आणि चुकारे हाती येताच पुढच्या आठ महिन्यांचे हप्ते बाजूला काढता येतात का, हे पाहावे. काही बँका शेतीच्या उत्पन्नावरील घरासाठी सहामाही हप्ता बांधून देतात. तसे विचारायला संकोच करू नका.

दुसरा आघात : व्याजदर चढला तर

बँकांची आजची बहुतेक गृहकर्जे बदलत्या दराची आहेत. ऑक्टोबर २०१९ पासून अशी नवी कर्जे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडलेली असतात, त्यामुळे दरातला बदल तीन महिन्यांच्या आत तुमच्या खात्यावर येऊ शकतो. मे २०२२च्या सुरुवातीला रेपो दर चार टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा. दहाच महिन्यांत अडीच टक्क्यांची वाढ झाली. पुढे फेब्रुवारी २०२५ पासून तो उतरत डिसेंबरमध्ये ५.२५ वर आला. वीस वर्षांच्या कर्जात अशा दोन-तीन लाटा येणारच.

२०२१च्या मध्यावर सात टक्क्यांनी वीस लाख घेतलेल्याचा हप्ता १५,५०६ रुपये होता. दीड वर्षाने सुमारे १९ लाख ३० हजार शिल्लक असताना दर साडेनऊ झाला, तर एका महिन्याचे व्याजच १५,२७९ रुपये होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जेमतेम सव्वादोनशे रुपये जातात. "हप्ता वाढला नाही, मुदत वाढली" हे वाक्य ऐकायला दिलासा देणारे असले तरी त्याचा अर्थ निवृत्तीनंतरही कर्ज, असा होऊ शकतो. म्हणून चाचणी घेताना मुदत वाढेल असे न धरता आजच्या दरात दोन टक्के मिळवा. वीस लाखांवर दहा टक्क्यांनी हप्ता १९,३०० होतो, म्हणजे महिन्याला २,५७१ जास्त आणि वर्षाला सुमारे ३१ हजार.

तिसरा आघात : घर स्वतःच

या आघाताकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि वऱ्हाडात तर तो पायाखालीच आहे. आपली काळी माती कापसाला वरदान आहे, घराला नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, वैशाखात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घालून उभे केलेले हलके घर दर वर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खचते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग, दार अडकू लागणे, फरशी मधोमध फुगणे ही त्याची लक्षणे. यावर उपाय आहेत : काळी माती पूर्ण काढून मुरूम भरणे, पाया खालच्या कठीण थरापर्यंत नेणे, तळाशी फुगवटा असलेले पाइल आणि त्यांना बांधणारा प्लिंथ बीम, घराभोवती पाणी मुरू न देणारा उताराचा पट्टा. पण हे उपाय बांधतानाच स्वस्त पडतात. बांधून झालेल्या घराखाली पाया सुधारणे फार महाग जाते.

तयार घर घेत असाल तर ते दोनदा बघा, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये. मेमध्ये भिंतीच्या भेगा दिसतात, ऑगस्टमध्ये ओल आणि गच्चीचा पाझर. नुकताच रंग दिलेल्या घरात खिडक्यांचे कोपरे आणि दारांच्या वरच्या कडा विशेष निरखा. शेजारच्या चार घरांच्या कुंपणभिंती बघितल्या तरी जमिनीचा स्वभाव कळतो, कारण कुंपणाच्या पायावर कोणी खर्च करत नाही. स्वतः बांधत असाल तर मिस्त्रीच्या अंदाजात पायाचे खोदकाम किती फुटांपर्यंत धरले आहे हे विचारा आणि एकूण अंदाजाच्या पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवा. बँक मंजूर अंदाजावर प्लिंथ, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी पैसे सोडते. खोदकाम वाढले तर तो खर्च तुमचा, आणि त्या सगळ्या महिन्यांत घरभाडे आणि सोडलेल्या रकमेवरचे व्याज दोन्ही चालू असतात.

पाणी कुठून येते, हेही खर्चाच्या पानावर लिहा. अमरावती शहराला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून पाणी मिळते, पण नव्या लेआउटमध्ये नळजोडणी होईपर्यंत बोअरवरच भिस्त असते. शेजारच्या मोर्शी-वरुड पट्ट्यात संत्र्यासाठी बोअर किती खोल गेले, हे इथल्या कोणालाही ठाऊक आहे. एप्रिलमध्ये त्या लेआउटमध्ये टँकर येतो का, ते तिथल्या रहिवाशांना विचारा. आपल्या उदाहरणात एका मोठ्या दुरुस्तीसाठी ६० हजार धरू. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप यांसाठी "भारत गृह रक्षा" ही सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच नमुन्यात विकावी लागणारी पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आहे. ती जरूर घ्या. पण काळ्या मातीने हळूहळू पडणारी भेग तिच्यातून भरून निघेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता बेरीज

१ लाख ९ हजार, ३१ हजार आणि ६० हजार मिळून दोन लाख होतात. म्हणजे २५ लाखांच्या या घरासाठी आठ नव्हे, दहा लाख हाताशी हवेत : आठ घरात जाण्यासाठी आणि दोन घर टिकवण्यासाठी. ज्याच्याकडे सव्वाआठ लाख आहेत आणि पगारही चांगला आहे, त्याचे घर या चाचणीत आज नापास होते.

तीनही आघात एकदम येतात का, हा आक्षेप रास्त आहे. पण ते एकमेकांपासून सुटेही नसतात. महागाई वाढली म्हणून रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवते, त्यामुळे हप्ता चढतो तेव्हा तुमचा किराणा आधीच महागलेला असतो. मंदीत एकाच वसाहतीत काम करणाऱ्या नवरा-बायकोचे काम एकाच महिन्यात जाऊ शकते. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा मिळाली, पण त्या सहा महिन्यांचे व्याज चालूच राहिले. ते माफ झाले नव्हते. सवलत मिळाली तरी ओझे पुढे सरकते, एवढाच त्याचा अर्थ.

गंगाजळी कुठे ठेवायची, यालाही महत्त्व आहे. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. जास्त व्याजासाठी घराची ढाल पतसंस्थेत ठेवू नका. कमावत्या माणसाचा मृत्यू हा आघात गंगाजळीने झेलता येत नाही, त्यासाठी किमान कर्जाइतका मुदत विमा हवा. कर्ज देताना बँक एकरकमी हप्त्याची पॉलिसी पुढे करते आणि तिची रक्कम कर्जातच मिळवते, म्हणजे तुम्ही विम्याच्या हप्त्यावरही वीस वर्षे व्याज देता. विमा जरूर घ्या, पण स्वतः चौकशी करून, कुठल्याही कंपनीचा.

"पण भाडे वाया जाते ना?"

हा युक्तिवाद प्रत्येक बैठकीत होतो, म्हणून तो आकड्यांनी तपासू. वीस लाखांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यात १३,३३३ रुपये व्याजाचे असतात आणि ३,३९६ मुद्दलाचे. भाड्याचे सहा हजार "वाया" जातात असे म्हटले तर व्याजाचे तेरा हजारही परत येत नाहीत. घर घेण्याची कारणे दुसरी आहेत आणि ती खरी आहेत : मुलांची शाळा बदलत नाही, कोणी "घर खाली करा" म्हणत नाही, म्हातारपणी डोक्यावर छप्पर असते. त्या कारणांसाठी घर घ्या. भाड्याच्या रागापोटी घेऊ नका.

थांबलो तर भाव वाढतील, ही भीती अधिक खरी आहे. पीएम मित्रचे नाव घेऊन, एप्रिल २०२५ पासून शहराच्या दुसऱ्या बाजूला बेलोऱ्याहून सुरू झालेल्या विमानसेवेचे नाव घेऊन प्लॉट विकले जातात. हिशेब असा : घराचा भाव वर्षात पाच टक्के वाढला तर २५ लाखांचे घर सव्वा लाखाने महागते. त्याच वर्षात तुमच्या तालमीच्या खात्यात दीड लाख जमतात. भाव सहा टक्क्यांहून वेगाने वाढले तर थांबणे महाग पडेल, हे मान्य केलेच पाहिजे. पण ते नुकसान काही हजारांचे असते, आणि तयारीविना घेतलेले घर घाईत विकावे लागले तर मुद्रांक शुल्कासह काही लाख जातात. शिवाय कागदावर वाढलेल्या भावातून हप्ता भरता येत नाही. कर बचतीचा आधार घेत असाल तर तोही तपासा : स्वतः राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची आणि मुद्दलावरची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही.

अडचणीत विकता येईल असेच घर घ्या

बेकायदा लेआउटमधला स्वस्त प्लॉट हा कायद्याचा प्रश्न वाटतो, पण मुळात तो बजेटचाच धोका आहे. अकृषक परवानगी नाही, लेआउट मंजूर नाही, तुकडेबंदीच्या अटींमुळे सातबारावर स्वतंत्र नाव लागत नाही, अशा प्लॉटवर बँक कर्ज देत नाही. म्हणजे उद्या तुम्हाला विकायची वेळ आली तर ग्राहक फक्त रोख पैसे असलेला मिळतो आणि तो तुमची अडचण ओळखून भाव पाडतो. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकले जात असतील तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी तपासा. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतला दोष निघाला तर तो त्याने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. काळ्या मातीच्या मुलखात ही पाच वर्षे मोलाची आहेत.

तुमचे हक्क

- कर्जाआधी बँकेने किंवा वित्त कंपनीने मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यायचे असते. ऑक्टोबर २०२४ पासून ते सर्व किरकोळ कर्जांना लागू आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर असतो. दोन बँकांची तुलना त्या दरावर करा.
- बदलत्या दराच्या गृहकर्जाची रक्कम मुदतीआधी भरल्यास व्यक्तीला दंड आकारता येत नाही.
- दर चढला तर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, ही निवड तुमची आहे. मागणी लेखी द्या.
- कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.
- कलम १३(२) ची नोटीस आली तर लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. लिलावात देण्यापेक्षा जास्त आलेली रक्कम तुमची असते.
- तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक आहे.

रिझर्व्ह बँकेचे यातले बहुतेक नियम बँका आणि गृहवित्त कंपन्यांना लागू आहेत. सहकार कायद्याखालच्या पतसंस्थेकडून घर तारण ठेवून पैसे घेतले तर यातले बरेचसे संरक्षण मिळत नाही. वाटा भरण्यासाठी पतसंस्थेचे किंवा सावकाराचे दुसरे कर्ज घ्यायची वेळ येत असेल तर तिथेच थांबा. त्याचा हप्ता बँकेला दिसत नाही, तुमच्या स्वयंपाकघराला मात्र दिसतो.

घर चाचणीत बसले नाही तर

पहिला पर्याय वर्षभर थांबून तालमीचे खाते वाढवण्याचा. दुसरा लहान घराचा : कर्ज वीसऐवजी पंधरा लाखांचे केले तर आठ टक्क्यांनी हप्ता १२,५४७ वर येतो आणि पहिल्या आघातातली महिन्याची तूट १८ हजारांवरून १४ हजारांवर उतरते. तिसरा सरकारी अनुदानाचा. शहरी प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज अनुदान आहे. ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार असून पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात येते. तुमचे ठिकाण शहरी योजनेत येते की ग्रामीण, हे आधी विचारा, आणि अनुदान मिळेलच असे धरून चाचणी घेऊ नका.

चौथा पर्याय वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो : मंजूर लेआउटमधल्या प्लॉटवर आधी दोनच खोल्या बांधणे. मात्र त्यासाठी पाया पहिल्याच दिवशी पूर्ण घराचा, काळ्या मातीला पुरेल असा घालायचा, पिलरच्या सळया पुढच्या स्लॅबसाठी ठेवायच्या आणि त्यांना सिमेंटचा लेप देऊन गंजापासून जपायचे. संडास-न्हाणीघर आणि पाण्याची लाइन शेवटच्या नकाशाप्रमाणेच टाकायची, म्हणजे वाढवताना तोडफोड होत नाही. बांधकाम परवानगी पूर्ण नकाशाची घेता येईल का, आणि ती किती वर्षे चालते, हे बँकेत जाण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा नगररचना कार्यालयात विचारून घ्या.